मूळपुरुष संशोधन उपसमिती, बूढ़ापारा

ज्याला पूर्वज नाही असा माणूस अद्याप आढळलेला नाही. आपला पूर्वज सामान्य होता असं कबूल करणारा माणूसही अद्याप आढळलेला नाही. या दोन सत्यांच्या मधे जी जागा उरते तिला घराण्याचा इतिहास म्हणतात, आणि ती भरून काढायला उपसमिती नेमावी लागते.

आमची उपसमिती अशीच नेमली गेली. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या श्री हितवर्धिनी सभेला यंदा शंभर वर्षं पूर्ण झाली. शंभर वर्षांत सभेनं काय केलं, असं काही नतद्रष्ट लोक विचारतात. सभेनं शंभर गणपती बसवले, शंभर विसर्जित केले आणि मधल्या काळात हॉलच्या पंख्यांबाबत एकसष्ट ठराव केले. अशा संस्थेच्या शताब्दीला काहीतरी कायमचं व्हावं म्हणून दाराशी संगमरवराची शिला बसवायचं ठरलं. रायपुरात सर्वांत आधी आलेल्या मराठी माणसाचं नाव तिच्यावर कोरायचं आणि त्याच्या घराण्याला दरवर्षी गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान द्यायचा. (भोसल्यांच्या काळात जे आले ते घोड्यावरून आले, सबब त्यांचा विचार करू नये, हा ठराव आधीच करून घेतला होता. नाहीतर आम्ही सगळेच बाद झालो असतो.)

मी, श्यामकांत उमाळकर, या उपसमितीचा सचिव. रेल्वेच्या कचेरीत पस्तीस वर्षं फायली सांभाळल्यावर माणसाला पुराव्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही आणि पुरावा असला की कुठलीच गोष्ट खोटी वाटत नाही. त्यामुळे माझी निवड एकमतानं झाली.

काम सुरू होताच बेचाळीस कुटुंबांनी आपापला मूळपुरुष सादर केला. त्यांचं पृथक्करण केलं तेव्हा असं दिसलं की ऐंशी टक्के मूळपुरुष हातात फक्त एक तांब्या घेऊन रायपूरला आले, पंधरा टक्के नेसत्या वस्त्रानिशी आले आणि उरलेले पाच टक्के बदलीवर आले. बदलीवर आलेल्यांना मूळपुरुष म्हणावं की नाही यावर दोन बैठका खर्ची पडल्या, कारण त्यांना प्रवासभत्ता मिळाला होता आणि प्रवासभत्ता घेणाऱ्यात मूळपुरुषाचं तेज राहत नाही. हल्ली नवा रायपूरला कंपन्यांमधून आणि संस्थांमधून जी तरुण मराठी मंडळी येतात, त्यांनी अर्जच केला नाही. त्यांचे मूळपुरुष ते स्वतःच असल्यामुळे त्यांच्यात इतिहासाची आवड कमी आहे.

पुराव्याचे नियम मी स्वतः तयार केले आणि त्यांचा मला आजही अभिमान आहे. कागद पन्नास वर्षांहून जुना हवा. त्यात मूळपुरुषाचं नाव हवं. फोटो असेल तर चेहरा दिसायला हवा. (ही अट अध्यक्ष शेखर पत्की यांच्यासाठी नंतर शिथिल केली. त्यांच्या फोटोत छत्री स्पष्ट आहे, पणजोबा कसरीनं खाल्ले आहेत.) लग्न होऊन गेलेल्या मुलींची साक्ष दुसऱ्या कुळातली समजावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, तोंडी पुरावा कार्यवृत्तात घेऊ नये. कारण म्हातारी माणसं काहीही बोलतात आणि ते लिहीत बसलं तर इतिहासाला शिस्त राहत नाही.

या शेवटच्या दोन नियमांचा पहिला फटका माझ्याच घरात बसला. माझी आत्या वनमाला, वय अठ्ठ्याऐंशी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून लेकीकडे राहते. ती पहिल्या बैठकीपासून हजर असे. दाराजवळच्या खुर्चीत बसे आणि मधूनच हात वर करी. पहिल्या बैठकीच्या कार्यवृत्तात मी नोंद केली आहे : "एका ज्येष्ठ महिलेने हात वर केला. पंखा कमी करण्यात आला."

बैठक संपल्यावर तिनं मला बाहेर गाठलं.

"श्याम्या, तुम्ही लोकं काय शोधून राहिले रे?"

"मूळपुरुष."

"अरे, आपल्या घरून इथं पहिले मोठी आई आली. माझ्या बाबाची आजी. गंगाधरले कडेवर घेऊन आली. त्या दगडावर तिचं नाव टाका. माझे डोळे उघडे हायेत तोवर टाका म्हणजे झालं."

मी तिला समजावून सांगितलं की शोध मूळपुरुषाचा आहे. उपसमितीच्या नावातच ते आहे, लेटरहेड छापून झालेलं आहे. शिवाय ती लग्न होऊन दुसऱ्या घराण्यात गेल्यानं आमच्या घराण्याविषयी तिला अधिकृतपणे काही माहीत असू शकत नाही.

"मले माहीत नाही? माझ्या घरचं?" आत्या म्हणाली.

"अधिकृतपणे," मी म्हणालो. आणि तिला स्कूटरवर घरी सोडलं. मोठ्या आईचं नाव काय ते मी विचारलं नाही. विचारण्याचा प्रश्नच नव्हता, तिच्या नावे अर्ज आलेला नव्हता.

आमच्या घराण्याचा अर्ज माझे मोठे बंधू रत्नाकर यांनी रीतसर भरला होता. मूळपुरुष : रामकृष्ण गंगाधर उमाळकर. मूळ गाव : उमरेड. आगमन : रेल्वेच्या पाठोपाठ. सोबत : तांब्या. आता या रामकृष्णाला कागदांत शोधणं हे किती कठीण काम आहे ते आमच्या घरची रीत समजल्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे गंगाधरचा रामकृष्ण, रामकृष्णाचा गंगाधर, गंगाधरचा पुन्हा रामकृष्ण, असं दीडशे वर्षं चाललेलं आहे. खुद्द रत्नाकरदादाचं कागदोपत्री नाव रामकृष्ण आहे, पण आजेसासऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडी घ्यायचं नसतं म्हणून आईनं त्याला जन्मभर रत्नाकर म्हटलं. (दादाचा मुलगा ऋषिकेश कागदोपत्री गंगाधर आहे. हे त्याच्या ऑफिसात कोणी सांगू नये अशी त्याची विनंती आहे.)

परिणामी सर्व दप्तरांत एकच रामकृष्ण गंगाधर उमाळकर दिसतो. १८८९ साली तो उमरेडला वारतो, १९३१ साली रायपूरला रेल्वेत मालबाबू म्हणून चिकटतो आणि २०१८ साली बँकेतून निवृत्त होतो. इतकी दीर्घ आणि निष्कलंक सेवा दुसऱ्या कुठल्याही घराण्यात आढळली नाही. उमरेडच्या मृत्यूची नोंद थोडी खटकत होती, पण दादा म्हणाला की तो आणखी आधीचा कुणीतरी रामकृष्ण असेल. मी मान डोलावली. मृत्यूसारख्या बारीकसारीक गोष्टी संशोधनाच्या आड येऊ द्यायच्या नसतात.

ऋषिकेशनं संगणकावर वंशवृक्षही केला. त्या प्रोग्रॅममधे प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याच्या आईसाठी एक गुलाबी चौकोन आपोआप येतो. सात पिढ्या, चोवीस पुरुष आणि शेजारी गुलाबी चौकोन. त्यांतले तीन भरले, एकवीस रिकामे राहिले.

"काका, ये सब 'अननोन' आ रहा है," ऋषिकेश म्हणाला. पोट्ट्याला मराठी कळतं, पण बोलतो हिंदीत.

"राहू दे. रंग छान दिसतो," दादा म्हणाला.

वंशवृक्ष हॉलमधे लावला. त्यावरून आमचं घराणं बव्हंशी पुरुषांनी पुरुषांपासून चालवलं असं सिद्ध होतं, आणि त्यावर कोणीही हरकत घेतली नाही, कारण उरलेल्या एकेचाळीस घराण्यांचे वंशवृक्ष तसेच होते.

पण आमचा खरा पुरावा वेगळाच होता. आमच्या देवघरात लाल कापडात बांधलेली एक जाड वही आहे. मोडी लिपीत लिहिलेली. दर दसऱ्याला सरस्वतीबरोबर तिची पूजा होते, आपट्याची पानं वाहिली जातात, आणि मग ती पुन्हा बांधून ठेवतात. ती उघडून वाचावी असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण मोडी कोणालाच येत नाही आणि पूजेच्या वस्तूला वाचायचं नसतं. ही वही मूळपुरुषाची आहे आणि तीत वेदान्तावर भाष्य आहे असं आजोबा सांगत. वडील सांगत, "तिच्यात सगळं आहे." मागे सभेच्या व्याख्यानमालेत दादानं 'रामकृष्णपंतांचं अप्रकाशित तत्त्वचिंतन' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. वही समोर चौरंगावर बंद ठेवली होती. अनेकांनी त्यातले मुद्दे उतरवून घेतले.

पुराव्यासाठी वहीचं वाचन होणं आता भाग होतं. नागपूरहून मोडी वाचणाऱ्या अपर्णाताईंना बोलावलं. हॉलमधे समई लावली. पादत्राणं बाहेर काढायला लावली. अपर्णाताईंनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांसमोर वाचू?"

"वाचा," दादा हात जोडून म्हणाला.

अपर्णाताईंनी वाचलं : "सन अठराशे एक्याण्णव. मंगळवार. पत्की वांगे खात नाही, त्यास डाळ. दाणी एकादशी धरतो म्हणतो, परंतु साबुदाणा दोनदा घेतो. काळमेघास उशीर होणार, झाकून ठेवणे."

दादानं जोडलेले हात हळूच सोडले. मग म्हणाला, "पुढं वाचा. रूपक असंल."

पुढच्या तीनशे बारा पानांत हेच रूपक होतं. बुधवारी पत्की वांगं खात नव्हते. गुरुवारी दाणींना पोळी कडक लागत होती. रेल्वेच्या कामावर आलेल्या एकट्यादुकट्या मराठी बाबूंची ती खानावळ होती. रोज कोण जेवणार, कोणाचा उपास, कोणाला काय सोसत नाही, याची ती तेरा वर्षांची टिपणं होती. वांगं म्हणजे प्रपंच आणि पत्की म्हणजे जीवात्मा, असा अर्थ लावून पाहण्याचा दादानं प्रयत्न केला, पण खुद्द अध्यक्ष पत्कींनाच वांगं चालत नाही हे सर्वांना ठाऊक असल्यानं तो टिकला नाही.

निराश होण्याचं कारण मात्र नव्हतं, असं माझं सचिव म्हणून मत झालं. उलट उपसमितीच्या हाती सोनं लागलं होतं. सभेतल्या सतरा घराण्यांचे मूळपुरुष या वहीत तारीखवार जेवत होते. तांब्यावाले, नेसत्या वस्त्रावाले, सगळे. ज्यांच्याकडे काल छत्रीशिवाय काही नव्हतं त्यांना आज दिवस, वार आणि पथ्य मिळालं. दाण्यांच्या घरी पेढे वाटले. दोन साबुदाण्यांचा उल्लेख वगळून बाकी पान त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावलं.

फक्त एक अडचण झाली. या तीनशे बारा पानांत रामकृष्ण उमाळकर कुठंच नव्हता.

अध्यक्ष पत्कींनी हे लगेच दाखवून दिलं. "पहिल्या पानावर पहिलं नाव आमचं आहे. नियम काय म्हणते? कागदात नाव पाहिजे. तुमचं नाव दाखवा."

"वही आमच्या घरची हाय!" दादा ओरडला.

"वही तुमची, नाव आमचं. शिलेवर वही कोरायची हाय का नाव?"

या मुद्द्यावर तीन बैठका झाल्या. माझ्या भावाला त्या आरतीचं किती होतं ते मला ठाऊक होतं, त्यानं नवं धोतर आणून ठेवलं होतं. पण नियम माझेच होते. वही लिहिणाऱ्याचं नाव वहीत नाही, आणि ज्याचं नाव कागदात नाही तो तिथं नव्हता, असंच नियमांवरून निघत होतं. म्हणजे पत्की जेवले हे सिद्ध होतं, जेवण झालं हेही सिद्ध होतं, पण ते कोणी केलं याला पुरावा नव्हता.

तिसऱ्या बैठकीत आत्यानं हात वर केला नाही, सरळ बोलायलाच लागली.

"मले एक सांगा. रांधणारी आधी आली असंल, का हे पोट्टे आधीच पाट मांडून बसले होते?"

ही भाषा कार्यवृत्तात बसत नव्हती, पण प्रश्न विचारात घेण्यासारखा होता. दादानं तो उचलून धरला. जेवणाऱ्यांच्या आधी खानावळ, खानावळीच्या आधी ती काढणारा. म्हणून रामकृष्णपंत पत्कींच्या आधी आले. उपसमितीतल्या दाण्यांनी अनुमोदन दिलं. पत्की म्हणाले, पुरुषमाणूस रोज वांग्याचं ध्यानात ठेवेल हे त्यांना पटत नाही. दादा म्हणाला, मग काय बाईमाणसानं लिहिलं? त्या काळी? मोडी?

"हव," आत्या म्हणाली. छत्तीसगढ़ीतला तो छोटासा होकार.

अपर्णाताई मागच्या बाकावर वही चाळत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे १८९६ मधलं एक पान आहे, वाचू का? जेवणाचं नाही." कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी वाचलं : "आज गंगाधराची मुंज. विधवेने पुढे येऊ नये म्हणून पत्की व दाणी यांनी मला मागील खोलीत बसविले. मातृभोजनास पाटावर काळमेघाची बायको बसली. गंगाधर मला शोधीत होता. सायंकाळी सर्व मंडळी जेवावयास आली. तीस पाने झाली. पत्कीस डाळ."

मला त्या वाक्यांनी फार वाईट वाटलं. रेल्वेच्या फायलींत मी अपघातांचे अहवाल वाचले आहेत, पण 'पत्कीस डाळ' वाचताना अपर्णाताईंचा आवाज जसा झाला तसा माझा कधी झाला नव्हता. आत्या पदरानं डोळे पुसत होती. अध्यक्ष पत्की जमिनीकडे बघत होते. कार्यवृत्तात मी लिहिलं : "काही अवांतर मजकूर वाचण्यात आला."

तरीही पडताळणी हवी म्हणून दादा आणि ऋषिकेश नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. त्यांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या असतात. गोदेवर कोण कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं, सगळं. गुरुजींनी अर्ध्या तासात पान काढून दिलं. सन १९११. 'गंगाधर रामकृष्ण उमाळकर, राहणार रायपूर. वडील रामकृष्ण उमरेड मुक्कामी सन ८९ साली मयत, रायपूर पाहिले नाही. बरोबर आई.'

ऋषिकेशनं तिथून मला फोन लावला. "काका, नाम तो लिखा ही नहीं है. बस 'आई' लिखा है. किसकी आई, वो भी ठीक से नहीं."

मी त्याला म्हणालो की तपशील पुरेसा आहे. आणि खरोखरच, पुराव्यानं आता काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. रामकृष्ण १८८९ साली उमरेडला वारला. त्याची विधवा तीन वर्षांचा मुलगा घेऊन १८९१ साली रायपूरला आली, एकटी. तिनं चूल मांडली आणि मग तिच्याकडे जेवायला बाकीचा सगळा इतिहास आला. आत्या पहिल्या दिवशी जे म्हणाली होती ते सिद्ध करायला उपसमितीला पाच महिने, अकरा बैठका आणि नाशिकच्या दोन फेऱ्या लागल्या. (पहिल्या फेरीत दादा चुकून दुसऱ्याच उमाळकरांच्या गुरुजींकडे दोन दिवस राहिला.) यालाच शास्त्रशुद्ध पद्धत म्हणतात.

शेवटची बैठक शिलेच्या मजकुरासाठी होती. भनपुरीच्या मार्बलवाल्याचा सारखा फोन येत होता. "भैया, नाम भेज देव ना, पथरा तियार हे." बाईचं नाव कोरायचं तर तीन अडचणी होत्या. ठराव मूळपुरुषाचा होता, आणि तो बदलायला सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, तिला एकवीस दिवसांची नोटीस लागते, आणि गणपती नऊ दिवसांवर होते. दुसरं, पहिल्या आरतीचा मान विधवेच्या नावानं कसा द्यायचा, असं दाण्यांनी विचारलं. ती एकशे चौतीस वर्षांपूर्वी विधवा झाली होती, पण दाण्यांच्या मते अशा गोष्टी जुन्या होत नाहीत. आणि तिसरं, तिचं नाव कोणत्याच कागदात नव्हतं. वहीत नव्हतं, चोपडीत नव्हतं, वंशवृक्षात गुलाबी चौकोन होता.

तेव्हा आत्या उठून उभी राहिली.

"नाव मी सांगतो तुमाले. मी नऊ वर्षाची होते तिनं डोळे मिटले तवा. दोन नावं होते तिले. सासरचं तांदळात लिहून दिलेलं, ते तिले कधी आवडलं नाही. माहेरचं नाव तिनं मले सांगितलं होतं. म्हणे, कोणी विचारलं तर सांगजो. आता मी एकटीच उरलो हे माहीत असणारी. तुम्ही विचाराल म्हणून मी अकरा वेळ इथं येऊन बसलो."

पत्की हळूच म्हणाले, "काकू, पण पुरावा..."

तोंडी पुरावा सुरू होत आहे हे लक्षात आल्यानं मी नियमानुसार पेन खाली ठेवलं.

आत्यानं नाव सांगितलं. स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं. मी ऐकलं. मग चहा आणि समोसे आले.

ठराव एकमतानं झाला. शिलेवर अक्षरं आली : 'रायपूरचे आद्य मराठी मूळपुरुष कै. रामकृष्ण गंगाधर उमाळकर. आगमन १८९१.' मरणानंतर दोन वर्षांनी, न येता, रायपूरला पोचलेल्या या पुरुषाच्या जिद्दीचं कौतुक अनावरणाच्या दिवशी पाहुण्यांनी भरभरून केलं. पत्कींचं मन राखायला खाली बारीक अक्षरांत त्यांच्या पणजोबांचं नाव 'प्रथम भोजनकर्ते' म्हणून घातलं. दादानं नवं धोतर नेसून आरती केली. आत्यानं शिलेवरून हात फिरवत एकेक अक्षर वाचलं, आणि घरी जायला स्कूटरवर बसताना एवढंच म्हणाली, "रामकृष्णाचं नाव तर मोठी आई कधी घेतच नव्हती."

आत्या पौषात गेली. तेराव्याला मी माणसांत बसलो होतो आणि अचानक लक्षात आलं की मोठ्या आईचं नाव मला आठवत नाही. घरी येऊन कार्यवृत्त काढलं. त्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात आहे : "एका ज्येष्ठ महिलेने मनोगत व्यक्त केले. चहापान झाले."

मग मी त्या दिवशी हजर असलेल्या सर्वांकडे गेलो. आठ माणसं होती. पत्कींना वाटतं ते नदीचं नाव होतं. दाण्यांना वाटतं देवीचं. दादा म्हणाला त्याचं लक्ष मजकुराकडे होतं. आत्याच्या लेकीसमोर आत्या तिचा उल्लेख नेहमी फक्त 'मोठी आई' असाच करायची. ऋषिकेशनं साऱ्या बैठका मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या, म्हणून मी त्याच्याकडे मोठ्या आशेनं गेलो.

"वहाँ पॉज़ किया था काका," तो मान खाली घालून म्हणाला. "मुझे लगा आत्याआजी का अजेंडा में है नहीं."

अजेंडा मीच लिहिला होता. वाळवीनं खाल्लेले कागद मी पाहिले आहेत, पुरात गेलेली दप्तरं पाहिली आहेत. हा पुरावा कशानंच नष्ट झाला नव्हता. तो माझ्या कानापर्यंत पोचला होता, माझ्या हातापासून एक वीत अंतरावर पेन होतं, आणि कोऱ्या कागदांची अख्खी चळत होती. नाव चार अक्षरी होतं, एवढं मला आठवतं. कदाचित तीन.

वाचकांनी आतापर्यंत आमच्या उपसमितीला हसून घेतलं असेल, ते योग्यच आहे. आता त्यांनी एक लहानसा अर्ज भरावा. आपल्या वडिलांच्या आजीचं नाव लिहावं. माहेरचं. आजी, माई, अक्का, मोठी आई हे चालणार नाही. येत नसेल तर रकाना कोरा सोडावा, लाजू नये, आमच्या बेचाळीस घराण्यांनी तोच सोडला आहे. ज्यांच्या घरात ते नाव ठाऊक असलेलं एखादं माणूस अजून आहे त्यांनी मात्र थोडं आठवून पाहावं. तुम्ही हे वाचत होता तेव्हा मघाशी ते माणूस तुम्हाला काहीतरी सांगत होतं, आणि तुम्ही मान वर न करता "हूं" म्हणालात.